तिने परत येऊन विचारलं होतं

तिचा आवाज मला कधीच आवडला नाही. पॅकिंग खात्याच्या या टोकाला ती बोलली की मशीनच्या घरघरीतूनही त्या टोकाला ऐकू जायचं. माझं बोलणं शेजारी बसलेल्या बाईलाही दोनदा विचारावं लागतं. आवाज वाटताना देवाने माझ्या वाट्याचाही तिलाच देऊन टाकला, असं मी मनात म्हणायचे.

आता ती गलोंड्याच्या कंपनीत आहे. मध्ये एकदा सिल्वासाच्या बाजारात तिथली एक बाई भेटली. मी काही विचारलं नव्हतं, तीच सांगायला लागली, "तुमच्या नरोलीची एक इन्चार्जबाई आलीय आमच्याकडे. कोणाला नावानं हाकच मारत नाही व माय, गावानं मारते!" मी "हो का" म्हटलं आणि मेथीची जुडी उलटसुलट करून बघत राहिले. त्या बाईच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, ते मला बघायचं नव्हतं.

गावाने हाक मारायची तिची खोड आमच्याकडूनच तिकडे गेली. आमच्या खात्यात आम्ही बावीस बायका, बहुतेक खानदेशातल्या. नरोलीत भाड्याच्या खोल्यांमध्ये राहायचं आणि सकाळी सातला कंपनीत हजर व्हायचं. ती आम्हाला साक्री, तळोदा, शहादा अशी हाक मारायची. नवापूरच्या दोघी होत्या, तर एक उंच नवापूर आणि एक बुटकी नवापूर. मी शिरपूर. वयाने ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी "ए शिरपूर, इकडं ये" म्हणायची. साक्रीवाली आमच्यात सगळ्यात म्हातारी आणि तोंडाने फटकळ. तिने एकदा विचारलं, "आम्हाला काय आईबापानं नावं नाही ठेवली का?"

"ठेवली ना. पण नाव लग्नात नवऱ्यानं बदललं असेल. गाव कोण बदलणार?" ती म्हणाली.

यावर सगळ्या हसल्या. मीही हसले आणि मग हसल्याबद्दल माझाच मला राग आला. माझं नाव खरोखरच लग्नात बदललं होतं. नऊ वर्षं या कंपनीत काम करताना कोणी ते विचारलं नव्हतं.

तिची दुसरी खोड डब्याची. जेवणाच्या सुट्टीत आपला डबा उघडायच्या आधी ती सगळ्यांच्या डब्यांवरून फिरायची आणि न विचारता प्रत्येकीचा एकेक घास उचलायची. कोणाची शेवभाजी, कोणाची कळण्याची भाकरी. खाऊन झालं की निकाल द्यायची. "मीठ कमी." "आज सासूनं केलंय, तुझा हात नाही हा." एकदा बुटक्या नवापूरच्या डब्यातला भात खाल्ला आणि तिथेच थांबली. "काल शिळा, आजही शिळा. घरात कोण आजारी आहे?" ती बाई तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. नवरा आठ दिवस तापाने पडून होता आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी दोघी मिळून त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या.

मी त्या नवापूरच्या शेजारी वर्षभर जेवत होते. भात शिळा आहे हे मलाही वासावरून कळलं होतं. मला विचारायचं सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, शब्द बाहेर आला नाही.

इन्चार्जची जागाही तिने अशीच माझ्या तोंडातून काढून घेतली. आधीच्या बाई गावी परत गेल्या तेव्हा साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि विचारलं, "बोलो बेन, अब लाइन कौन संभालेगा?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. नऊ वर्षांत माझ्या हातून एक खोकं परत आलं नव्हतं. "मी" एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं. ते जिभेवर आलंही होतं. मी पायाच्या बोटांकडे बघत तीन-चार श्वास घेतले, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, "कोई नहीं बोलता तो मैं देखती हूं, साहेब." तिला कंपनीत येऊन तीन वर्षं झाली होती.

त्या दिवशी घरी जाऊन मी भाकरी थापताना परात इतकी आपटली की शेजारची बिहारी बाई बघायला आली.

लोक म्हणायचे, तिला इन्चार्जपण शोभतं. मला त्यात फक्त सोंग दिसायचं. बुटांचंच घ्या. तळोद्याच्या पायावर खोकं पडून अंगठ्याचं नख गेलं. कंपनीत जाड बूट फक्त पुरुषांना मिळायचे. साहेब म्हणाले, "लेडीज का साइज नहीं आता." दुसऱ्या दिवशी ही बाई आठ नंबरचे पुरुषी बूट घालून आली, आत चिंध्या कोंबलेल्या. दोन महिने टप्प टप्प करत खात्यात फिरली. साडीखाली ते काळे बूट, बघायला दुसऱ्या खात्यातले पुरुष यायचे. एकदा वरचे मोठे साहेब पाहणीला आले, तर ही मुद्दाम त्यांच्या पुढे पुढे चालली. त्यांनी विचारलंच, "ये क्या पहना है?"

"साहेब, कंपनी में अभी लेडीज का पांव आया नहीं," ती म्हणाली.

पंधरा दिवसांत बायकांचे बूट आले. मलाही मिळाले. पायात घातले तर अगदी मापाचे होते. इतके मापाचे होते याचंही मला वाईट वाटलं.

सगळ्यात मोठं सोंग मला फळ्यावरचं वाटायचं. खात्याच्या दाराशी एक काळा फळा होता. आज किती खोकी भरली, किती माल बाद झाला आणि बाद का झाला, ते इन्चार्जने संध्याकाळी लिहायचं. आधीच्या बाई 'का' या खान्यात नेहमी 'मशीन' लिहायच्या. हिने पहिल्याच आठवड्यात लिहिलं, 'आज मी चुकले. लेबलं उलटी दिली. बारा खोकी परत फोडली.' मग रोजच काहीतरी असायचं. 'आज मी चुकले. नवापूरला रागावले, चूक साक्रीची होती.'

"व माय! माझं नाव कशाला फळ्यावर?" साक्रीवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"नाव कुठंय? गाव आहे. अख्खं गाव येऊन भांडू दे माझ्याशी."

साहेबांनी पुसायला सांगितलं. बाहेरचे तपासणीवाले वाचतील म्हणाले. ती म्हणाली, "पढने दो साहेब, पढके कोई मरता नहीं." तीन-चार महिन्यांत बायका आपणहून तिच्याकडे जाऊन सांगायला लागल्या, माझ्याकडून दोरी सैल बांधली गेली, माझं वजन चुकलं. आणि फळ्यावरचा बाद मालाचा आकडा खाली यायला लागला. मला वाटायचं, ही चूक कबूल करून करून मोठी होते आहे. हे तर कोणालाही जमेल. एकदा घरी मी नवऱ्याला म्हटलं, "आज मी चुकले." त्याने विचारलं, "कशात?" तर मला पुढे काही सांगता आलं नाही.

पण एक खोट तिच्यात खरोखरची होती. ती कोणाचं बोलणं पूर्ण होऊ द्यायची नाही. समोरच्याने अर्धं म्हटलं की उरलेलं ही म्हणून टाकायची, आणि बरेचदा चुकीचं. बाकीच्या बायका तिच्यावर ओरडून आपलं खरं करायच्या. माझ्यासारखीचं मात्र सगळंच बोलणं तिच्या तोंडून संपायचं.

आता माझ्या कामाचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमच्याकडे कृत्रिम धागा बनतो आणि तो पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून त्याचे मोठे बॉबिन होतात. दिसायला सगळा धागा पांढराच. पण दोन वेगळे लॉट एकमेकांत मिसळले आणि त्याचं कापड विणून रंगवलं, तर रंग सारखा चढत नाही, कापडावर पट्टे उमटतात. म्हणून प्रत्येक लॉटच्या नळीला वेगळ्या रंगाचा काठ असतो. आणि शेवटची खात्री म्हणून एक काळ्या पडद्याची अंधारी खोली असते. तिथे निळ्या दिव्याखाली बॉबिन धरले की वेगळ्या लॉटचा धागा वेगळा चमकतो. त्या खोलीत मी बसते. एकटीने, न बोलता करायचं काम आहे. तिथे माझ्यासारखी नजर कोणाची नाही, एवढं मी स्वतःबद्दल म्हणू शकते.

त्या आठवड्यात हिरव्या काठाच्या नळ्या संपल्या होत्या. मशीनवाल्यांनी कोणाला न सांगता दुसरा लॉटही गुलाबी काठाच्या नळ्यांवरच घेतला. तिने पाहिलं, सगळं गुलाबी आहे, म्हणजे एकच लॉट. गाडी दुपारी निघायची होती. मी दिव्याखाली तिसरी ट्रॉली घेतली आणि मला दिसलं, हे बॉबिन मंद आहेत. आधीचे निळसर पांढरे चमकत होते, हे जरा मळकट.

ती पडद्याबाहेरून चालली होती. मी म्हटलं, "अगं, या ट्रॉलीत जरा..."

"जरा वेळ लागेल, माहितीये. लागू दे, पण दुपारच्या आत उरक," म्हणत ती पुढे गेली.

नंतर मी कंपनीत सगळ्यांना एवढंच सांगितलं. साहेबांनाही एवढंच सांगितलं, आणि यात एक शब्दही खोटा नाही. पण ते इथे संपलं नव्हतं. दहा मिनिटांनी पडदा बाजूला झाला. ती आत आली आणि म्हणाली, "शिरपूर, मघाशी तू काहीतरी म्हणत होतीस आणि मी पुढं पळाले. काय गं?" आणि तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, म्हणजे आता मी मध्ये बोलणार नाही म्हणून. तशी ती उभी राहिली. चांगली थांबली. निळ्या उजेडात तिच्या साडीचा काठ चमकत होता.

मंद बॉबिन माझ्या हातातच होता. मी म्हटलं, "काही नाही."

"नक्की?"

"हो."

ती गेली आणि मी ती ट्रॉली पास केली. मला काय वाटत होतं ते मला नीट आठवतं. आता लिहू दे फळ्यावर, असं वाटत होतं. इतकी मोठी चूक की ती लिहून कोणी मोठं होत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी सुरतेहून कापडाचा तुकडा आला. निळ्या कापडावर बोटभर रुंदीचे फिके पट्टे. साहेबांनी तो फळ्यावरच अडकवला. गोदामात त्या लॉटची जेवढी खोकी उरली होती ती सगळी फोडून एकेक बॉबिन पुन्हा तपासायचा हुकूम झाला. तीन दिवस बावीस बायका पत्र्याच्या गोदामात उभ्या होत्या. साक्रीवालीची कंबर धरली, उंच नवापूरला चक्कर आली.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "किसने पास किया?" दिव्याखाली तपासल्याच्या चिठ्ठीवर माझा नंबर होता. मी कंपनीतलं माझं सगळ्यात लांब वाक्य त्या दिवशी बोलले, "मैं बोल रही थी साहेब, लेकिन इन्होंने सुना नहीं." बायकांनी माना हलवल्या. तिची सवय सगळ्यांना माहीत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. ती आता सांगेल, परत येऊन विचारलं होतं म्हणून, अशी मी वाट बघत होते. तिने सांगितलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे.

ती म्हणाली, "हां साहेब. मेरी आदत है वैसी. मैं पूरा सुनती नहीं." आणि संध्याकाळी त्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाखाली लिहिलं, 'आज मी चुकले. ऐकून घेतलं नाही.'

साहेबांनी तिला परत पॅकिंगच्या टेबलावर बसवलं आणि इन्चार्ज मला केलं.

आता तरी हेवा संपायला हवा होता. तो वाढला. ती टेबलावर बसून बॉबिनला प्लास्टिक गुंडाळायची, तशीच मोठ्याने बोलत, तशीच इतरांच्या डब्यातलं खात. मला मात्र "इन्चार्जबाई" म्हणायची. त्यात टोमणा असेल म्हणून मी कान देऊन ऐकायचे, टोमणा नसायचा. पाच आठवडे मी इन्चार्ज होते. मी फळ्यावर 'मशीन' लिहायला लागले. बायका माझं ऐकायच्या, उलट बोलायच्या नाहीत. आणि मला काही सांगायच्याही नाहीत. खोक्याची दोरी सैल दिसली म्हणून मी विचारायचे, "काय झालं?" उत्तर यायचं, "काही नाही." वजन चुकलं, तरी काही नाही. एकदा प्लास्टिकवर रक्त दिसलं. तळोदा डावा हात पदराखाली धरून एका हाताने काम करत होती.

"हाताला काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही, बाई."

मी पुढे गेले आणि मागे वळून पाहिलं, तर तळोदा टेबलाच्या टोकाला जाऊन तिच्यापुढे हात पसरून उभी होती. खोकं आवळायच्या पट्टीने दोन बोटं कापली होती. "अगं माझे आई, सकाळपासून अशीच?" म्हणत ती तळोद्याच्या बोटांना चिंधी बांधत होती.

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत ती नळावर एकटी हात धूत होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. खूप वेळ लागला, पण म्हटलं. "त्या दिवशी तू परत येऊन विचारलं होतंस. मला दिसलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

तिने नळ बंद केला. "मला कशाला सांगतेस? मी तिथंच उभी होते."

"मग साहेबांसमोर बोलली का नाहीस?"

"काय बोलू? ती खोटं बोलते म्हणू? तू अर्धं खरंच बोलत होतीस. दोन वर्षं इन्चार्ज होते, तुझं अर्धंच ऐकलं, मग तू मला अर्धंच सांगितलंस." मग तिचा आवाज चढला. तिला इतकं रागावलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. "माझं सोड. साक्रीला आठ दिवस उठता येत नव्हतं. ज्या तीन दिवस उभ्या राहिल्या त्यांना सांग, हिंमत असली तर. नळावर येऊन कानात कुजबुजतेस!" आणि ओल्या हातांनीच निघून गेली.

इन्चार्जपण पुढे तिलाच परत मिळालं. त्यात माझा काही मोठेपणा नाही, साहेबांना दुसरं कोणी मिळालं नाही. तिनेही एकदा तरी नको म्हणावं अशी माझी अपेक्षा होती. तिने नुसतं "ठीक है" म्हटलं. दिव्याची खोली साहेबांनी माझ्याकडून काढून महिनाभर दुसरीला दिली, मग माल बाद व्हायला लागला म्हणून परत मला दिली. हे सगळं नंतरचं. मला नळावरच्या त्या बोलण्यानंतरच्या सकाळचं सांगायचं आहे.

मी रात्रभर घोकलं होतं तरी सकाळी काही आठवेना. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या टेबलांपाशी उभ्या होत्या. मी फळ्याजवळ उभी राहिले आणि म्हटलं, "ऐका." कोणालाच ऐकू गेलं नाही. मग मी टेबलावर थाप मारली. एकवीस चेहरे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "गुलाबी नळ्यांचं मला दिसलं होतं. ती परत येऊन विचारून गेली होती. मी काही नाही म्हटलं. तिची चूक नव्हती, माझी होती."

आधी कोणाला कळलंच नाही. मग साक्रीवालीला कळलं. "म्हणजे तुला माहीत होतं? आम्ही तिथं मरत होतो आणि तूही आमच्याबरोबर उभी राहून खोकी फोडत होतीस? लाज कशी वाटली नाही गं?"

"वाटत होती."

"मग केलंस कशाला?"

याचं उत्तर मी घोकलं नव्हतं. तोंडात आलं ते बोलले. "मी तिच्यावर जळत होते."

साक्रीवाली माझ्याकडे बघत राहिली. मग तिने कमरेवरचे हात काढले. "जळत होतीस, तर सांगायचं ना मेले! जळायला काय, मी पण जळते हिच्यावर. परवा माझ्या सुनेनं डबा भरताना विचारलं, त्या डबे चाखणाऱ्या बाईला आवडेल का ही भाजी. माझं जाऊ दे, बाईला आवडेल का!"

"माझा नवरा घरी तिचंच सांगतो, ती बघ कशी बोलते," बुटकी नवापूर म्हणाली.

"मी तर तिच्या बुटांवर पण जळायचे," तळोदा म्हणाली, आणि मग कोणीतरी हसलं. मला त्या दिवशी माफ कोणी केलं नाही. साक्रीवाली पुढे दोन महिने माझ्याशी बोलली नाही. पण तेव्हा मात्र सगळ्या हसत होत्या.

फक्त ती हसत नव्हती. हातात प्लास्टिक धरून ती एकीकडून दुसरीकडे बघत होती. तिला शब्द सापडत नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं. कानापर्यंत लाल झाली होती.

"माझ्यावर?" ती म्हणाली. "माझ्यावर कशाला जळायचं?"

ती खरंच विचारत होती. तिला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं तिच्या आवाजावर, हिमतीवर, फळ्यावरच्या अक्षरावर मी जळत आले. पण तिला ते माहीत नव्हतं, याच्यावर मी आजही सगळ्यात जास्त जळते.